हर-टू, दोन प्लस : आक्कांच्या आजारपणातला माझा अनुभव

आमच्याकडं कुणाला कॅन्सर निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "कितवी स्टेज?" आक्कांच्या, म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाईंच्या वेळीही तासगावापासून मिरजेपर्यंत जो भेटेल त्यानं हेच विचारलं. कुठल्या प्रकारचा आहे, हे विचारणारं एकही माणूस भेटलं नाही. आणि पुढं कोणतं औषध, किती महिने, किती पैसे, ऑपरेशन आधी की नंतर, हृदयाची तपासणी कशाला, हे बरंचसं ठरलं ते गाठीतल्या पेशींच्या अंगावर हर-टू नावाचं एक प्रथिन किती होतं त्यावरून.

मी डॉक्टर नाही. झूलॉजी घेऊन बी.एस्सी. केलं आणि सध्या बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये हिशेब बघते. घरात इंग्रजी रिपोर्ट वाचणारी मीच, म्हणून फाईल माझ्याकडं आली.

आक्कांना स्तनात गाठ लागली ती ऐन बेदाण्याच्या हंगामात. शेडवर माल पसरलेला, मजूर कमी, त्यामुळं त्यांनी कुणाला सांगितलंच नाही. रॅकवरचा माल उतरल्यावर बोलल्या. "दुखत न्हाई, म्हणून गप बसले." न दुखणारी गाठ जास्त संशयाची, हे आपल्याकडच्या बायकांना कुणी सांगत नाही. सांगलीत सोनोग्राफी आणि मॅमोग्राफी केली, मग सुईची तपासणी, म्हणजे एफएनएसी. त्यात कॅन्सरच्या पेशी दिसल्या. एका सर्जननी लगेच ऑपरेशनची तारीख दिली आणि घरातल्या सगळ्यांना तेच बरोबर वाटलं. गाठ आहे ना, मग काढा. दादा, म्हणजे माझे मोठे दीर, पैशाच्या जुळणीलाही लागले होते.

मिरजेच्या कॅन्सरतज्ज्ञांनी ते थांबवलं. त्यांचं म्हणणं असं की सुईतून सुट्या पेशी मिळतात, त्यावरून कॅन्सर आहे एवढं कळतं. पण तो कशाच्या जोरावर वाढतोय हे नीट बघायचं तर मांसाचा तुकडा हवा. म्हणून ट्रूकट बायोप्सी झाली. जागा बधिर करून जाड सुईनं शेवयांसारखे बारीक तुकडे काढले आणि लगेच फॉर्मॅलिनच्या, म्हणजे तुकडा टिकवणाऱ्या द्रावाच्या बाटलीत टाकले. बाटलीवर तारीख आणि वेळ लिहिली जातेय का ते बघा, असं तिथल्या सिस्टरनीच मला सांगितलं. तुकडा फॉर्मॅलिनमध्ये निदान सहा तास राहावा आणि बहात्तर तासांच्या वर जाऊ नये. नाहीतर प्रथिनांच्या तपासणीवर भरवसा राहत नाही. शनिवारी संध्याकाळी बायोप्सी आणि सोमवारी सुट्टी असं आलं तर जरूर विचारावं.

रिपोर्ट आला. इन्व्हेजिव्ह डक्टल कार्सिनोमा, म्हणजे स्तनाच्या नळीत सुरू होऊन आसपास घुसलेला कॅन्सर, ग्रेड तीन. ईआर निगेटिव्ह, पीआर निगेटिव्ह (हे दोन हार्मोनचे रिसेप्टर), केआय-६७ (पेशी किती जोरात वाढतायत त्याची खूण) पंचेचाळीस टक्के. आणि त्याखाली, हर-टू : २+, संदिग्ध, फिश तपासणी सुचवली आहे.

मी ती ओळ तीन-चारदा वाचली. पैसे भरून केलेल्या तपासणीचं उत्तर "संदिग्ध" असू शकतं, हे मला पचायला जड गेलं.

रात्री जेवणं झाल्यावर आक्का म्हणाल्या, "मला काय झालंय ते इस्कटून सांग. डाक्टर बोलतात ते तुला कळतंय, मला कुणी सांगत न्हाई." त्यांची शाळा सातवीपर्यंत. पण ज्या बाईनं पंचवीस वर्षं बागेत उभं राहून द्राक्षाचे घड जीएच्या (जिबरेलिक अॅसिडच्या) पाण्यात बुडवलेत, तिला हे समजावणं सोपं आहे, हे मला बोलता बोलता लक्षात आलं. मी विचारलं, "आक्का, जीए म्हणजे खत आहे का?" "न्हाई. खत मुळाला. जीएनं नुसता मणी लांबतोय, फुगतोय." बरोबर. जीए हा नुसता निरोप आहे, 'वाढ' म्हणून. माल झाडच पुरवतं. आपल्या शरीरातही पेशींना असे निरोप येतात. ते आणणारी छोटी प्रथिनं असतात, त्यांना ग्रोथ फॅक्टर म्हणतात. पेशीच्या आवरणात रुतून बसलेलं दुसरं प्रथिन तो निरोप घेतं, ते रिसेप्टर. त्याचं एक टोक बाहेर, एक आत. बाहेर निरोप चिकटला की दोन रिसेप्टर एकमेकांना जोडले जातात, आतली टोकं एकमेकांना फॉस्फेट लावतात आणि तिथून प्रथिनांची एक साखळी जागी होत जाते. रास, राफ, मेक, अर्क ही एक साखळी; तिचा निरोप पेशीच्या केंद्रापर्यंत जाऊन विभाजनाची जनुकं चालू करतो. दुसरी पीआय-थ्री-काइनेज आणि एकेटीची. ती पेशीला मरू देत नाही आणि तिला वाढायला सामग्री गोळा करायला लावते. काम झालं की हे सगळं बंद व्हायचं असतं. पीटेनसारखी प्रथिनं त्याला आवर घालतात.

हर-टू हा या रिसेप्टरांच्या चौघा भावंडांतला एक. त्याची गंमत अशी की त्याला स्वतःचा निरोप्या आजवर सापडलेला नाही. तो कायम जोडी करायला तयार अवस्थेत असतो. नेहमीच्या पेशीवर तो थोडा असतो, म्हणून बिघडत नाही. पण काही गाठींमध्ये सतराव्या गुणसूत्रावरचं त्याचं जनुक दोनाऐवजी कितीतरी पट होतं आणि मग आवरणावर हर-टू शंभरपटीपर्यंत वाढतो. इतकी दाटी झाली की बाहेरून कुणी काही सांगण्याची गरजच उरत नाही. ते आपापसात जोड्या लावतात आणि आतला निरोप चालूच राहतो. हर-थ्रीबरोबरची त्याची जोडी सगळ्यांत जोरकस. हर-थ्रीला स्वतःला निरोप पुढं ढकलायला फारसं जमत नाही, पण एकेटीच्या साखळीला जोडणाऱ्या जागा त्याच्याकडं भरपूर.

आक्का ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "म्हंजे औषध न मारताच मणी फुगाय लागलाय."

यापेक्षा चांगलं मला आजवर सांगता आलेलं नाही.

आता २+ चं. या तपासणीत पॅथॉलॉजिस्ट तुकड्याच्या पातळ कापावर हर-टूला चिकटणारा रंग टाकतात आणि पेशीभोवती तपकिरी कडं कितपत उमटतं ते बघतात. दहा टक्क्यांहून जास्त पेशींभोवती गडद, पूर्ण कडं असेल तर ३+, म्हणजे पॉझिटिव्ह. शून्य किंवा १+ म्हणजे निगेटिव्ह. कडं पूर्ण आहे पण फिकं, तर २+. तिथं प्रथिन मोजून भागत नाही, जनुकच मोजावं लागतं. फिशमध्ये जनुकाला एका रंगाचा चमकणारा ठिपका लागतो, गुणसूत्राच्या मध्याला दुसऱ्या रंगाचा, आणि पेशीपेशीत दोन्ही ठिपके मोजून त्यांचं प्रमाण काढतात. प्रमाण दोन किंवा जास्त आणि पेशीमागं जनुकाच्या सरासरी चार तरी प्रती असल्या तर पॉझिटिव्ह.

आक्कांच्या बाबतीत यावर सगळंच अडलं होतं. ईआर, पीआर दोन्ही निगेटिव्ह, म्हणजे हार्मोनच्या गोळ्यांचा उपयोग नाही. फिशही निगेटिव्ह आली असती तर तो ट्रिपल निगेटिव्ह, म्हणजे तिन्ही नसलेला, ठरला असता आणि उपचाराची दिशाच वेगळी. पॉझिटिव्ह आली तर नेमकं त्याच रिसेप्टरला धरणारं औषध होतं.

फिश मुंबईला पाठवायची होती आणि त्यासाठी ब्लॉक हवा होता. ब्लॉक म्हणजे मेणात बसवलेला तो तुकडा, काड्यापेटीपेक्षाही लहान. ज्या लॅबमध्ये तो होता तिथल्या काउंटरवर मला सांगितलं, पेशंटला देत नाही. मग हॉस्पिटलचं पत्र नेलं, तर देणारे साहेब रजेवर. ते आले तेव्हा त्यांनी काचेच्या स्लाइड पुढं केल्या. डॉक्टरांनी ब्लॉकच मागितलाय म्हणून मी तिथंच बसून राहिले. ब्लॉक मिळाला, सही करून घेतला, त्यावरचा नंबर रिपोर्टवरच्या नंबराशी ताडून पाहिला. हा नंबर ताडायला विसरू नका. आणि एक बारीक गोष्ट, कुणी सांगत नाही म्हणून : तो मेणाचा असतो. सांगलीच्या मे महिन्यात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवायची वस्तू नव्हे.

फिशचा निकाल येईपर्यंतचे दिवस सगळ्यांत वाईट. पाहुण्यांचे फोन, "अजून औषध सुरू नाही? कशाची वाट बघताय?" कुणी पुण्याचा काढा सुचवला, कुणी आणखी कुठलं पाणी. आम्ही डॉक्टरांना स्पष्ट विचारलं. ते म्हणाले, निकालासाठी थोडे दिवस थांबल्यानं नुकसान नाही, चुकीचं औषध सुरू केल्यानं आहे. त्या मुदतीत पेट स्कॅन (आजार अंगात आणखी कुठं आहे ते बघायला), रक्ताच्या तपासण्या, टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) उरकून घेतलं. गाठीत एक बारीक धातूची क्लिपही बसवली. औषधानं गाठ विरघळली तर ऑपरेशनच्या वेळी जागा सापडावी म्हणून.

पेट स्कॅनमध्ये काखेतल्या दोन गाठी उजळल्या. बाकी कुठं काही नव्हतं. "छातीतली काखंत कशी गेली?" हा आक्कांचा पुढचा प्रश्न, आणि तो मला जास्त अवघड गेला.

वाढणं आणि पसरणं ही दोन वेगळी कामं आहेत, पण निरोप पुष्कळदा त्याच साखळ्यांतून जातात. स्तनाच्या नळीतल्या पेशी ई-कॅडहेरिन नावाच्या प्रथिनानं एकमेकींना घट्ट धरून असतात. आतले निरोप बदलले की हे प्रथिन कमी होतं आणि पेशी सुटी होऊन हलू लागते. टीजीएफ-बीटा हे यातलं सर्वांत दुटप्पी प्रथिन. सुरुवातीला ते पेशीची वाढ रोखतं. पुढं गाठ मुरली की त्याच पेशींना सुटं व्हायला, आसपास घुसायला मदत करतं. सुटलेल्या पेशी भोवतालचा पोत विरघळवणारी विकरं (एन्झाइम) सोडतात. गाठीला रक्त पुरवायला व्हीईजीएफ नावाचं प्रथिन नव्या रक्तवाहिन्या बोलावतं. त्यांतून आणि लसीकावाहिन्यांतून (लिम्फच्या नळ्यांतून) पेशी बाहेर पडतात. स्तनातला बहुतेक लसीकाप्रवाह काखेकडं वाहतो, म्हणून पहिला मुक्काम काखेत.

पुढं कुठं जायचं, तेही अगदी योगायोगावर सोडलेलं नसतं. २००१ साली 'नेचर'मध्ये आलेल्या एका अभ्यासात दिसलं की स्तनाच्या कॅन्सरच्या पेशींवर सीएक्ससीआर-४ नावाचा रिसेप्टर भरपूर असतो आणि त्याला ओढणारं रसायन फुफ्फुस, यकृत, अस्थिमज्जा, लसीकाग्रंथी इथं जास्त तयार होतं. नेमक्या याच जागी हा आजार जातो. हाडात पोचलेल्या पेशी तर तिथल्या पेशींकडून हाड झिजवून घेतात आणि झिजलेल्या हाडातून सुटलेले ग्रोथ फॅक्टर स्वतःच्या वाढीला वापरतात. हे सगळं मी आक्कांना सांगितलं नाही. काखेपर्यंतचं सांगितलं. पुढचं दादांना सांगितलं, कारण "काखेत गेला म्हणजे सगळीकडं गेला" असं धरून ते बसले होते.

फिशचा आकडा आला, प्रमाण ४.१. पॉझिटिव्ह. डॉक्टरांच्या चेहऱ्यावर जवळजवळ आनंद होता आणि दादांना तो विचित्र वाटला. त्यामागं इतिहास आहे. १९८७ साली लॉस एंजेलिसचे डेनिस स्लेमन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की ज्या गाठींत हे जनुक वाढलेलं असतं त्या बायकांचा आजार लवकर उलटतो आणि त्या कमी जगतात. तेव्हा हा रिपोर्ट म्हणजे वाईट बातमीच होती. पण शत्रूचा ठावठिकाणा कळला होता. हर-टूच्या बाहेरच्या टोकाला चिकटणारं प्रतिपिंड तयार झालं आणि १९९८ मध्ये अमेरिकेत ट्रास्टुझुमॅब या नावानं त्याला मान्यता मिळाली. ते रिसेप्टरला धरून निरोप दाबतं आणि शिवाय त्या पेशीवर खूण करतं, म्हणजे शरीराच्या बचावाच्या पेशी तिच्यावर येतात. स्तनाच्या कॅन्सरपैकी साधारण पंधरा ते वीस टक्के या प्रकारचे. भारतात बनलेलं ट्रास्टुझुमॅब २०१४ पासून मिळू लागलं, नाहीतर आमच्यासारख्यांनी त्याचं नावही काढलं नसतं.

पैशाचं थोडक्यात. वायलवर, म्हणजे औषधाच्या बाटलीवर छापलेली किंमत ही खरी किंमत समजू नका. हॉस्पिटलला, कंपनीच्या रुग्ण-मदत योजनेत विचारलं की बराच फरक पडतो. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आपल्या हॉस्पिटलात नेमकं काय बसतं ते तिथल्या आरोग्यमित्राकडूनच समजून घ्या, शेजाऱ्याकडून नको. पर्टुझुमॅब नावाचं जोडीचं औषधही असतं. ते हर-टूला जोडीच लावू देत नाही. ते आम्हाला झेपलं नाही. डॉक्टरांनी ते लपवलं नाही आणि त्यावरून आम्हाला अपराधीही वाटू दिलं नाही. याबद्दल मला त्यांचा आदर आहे.

ऑपरेशनच्या आधी औषध ठरलं. डोसिटॅक्सेल, कार्बोप्लॅटिन ही केमोची औषधं आणि ट्रास्टुझुमॅब, दर तीन आठवड्यांनी. पहिल्या ट्रास्टुझुमॅबला आक्का थंडीनं कुडकुडल्या, ताप आला. पहिल्या वेळी असं होतं, सलाइन थांबवून इंजेक्शन दिलं आणि परत सावकाश सुरू केलं. केस गेले, तोंड आलं, जुलाब झाले. हे केमोचं, आणि त्याबद्दल सगळीकडं वाचायला मिळतं. ज्याची कल्पना नव्हती ते हृदयाचं.

दर तीन महिन्यांनी इको. हर-टू फक्त गाठीत नसतो, हृदयाच्या स्नायूलाही तो लागतो. ताण आला की तिथल्या पेशी या रिसेप्टरच्या निरोपावर तग धरतात. तोच दाबला की काहींच्या हृदयाचं पंपिंग उतरतं. आक्कांचं बासष्ट टक्क्यांवरून अठ्ठेचाळीसवर आलं. त्यांना काहीच जाणवत नव्हतं, जिना चढत होत्या, भाकरी थापत होत्या. आदल्या वेळी "पुढच्या खेपेला करू इको" असं दादांचं चाललं होतं, एक चक्कर वाचवायला. बरं झालं ऐकलं नाही. ट्रास्टुझुमॅब थांबलं, हृदयाच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, आणि पुढच्या तपासणीत आकडा छप्पनवर आला. या औषधानं उतरलेलं पंपिंग बहुतेकदा परत येतं, हे आधी माहीत असल्यामुळं घरात रडारड झाली नाही. मधे खंड पडल्यामुळं पुन्हा सुरू करताना पहिल्यासारखा मोठा डोस द्यावा लागला.

ऑपरेशन झालं. काखेतल्या गाठी स्वच्छ होत्या. स्तनात क्लिपपाशी काही मिलिमीटर आजार शिल्लक होता. मला वाटलं, काढला ना, संपलं. पण शिल्लक राहिलेला तुकडा डॉक्टरांना बरंच सांगून जातो. औषधाला पुरून उरलेल्या पेशी आहेत म्हणजे साखळीत खाली कुठंतरी त्यांनी वाट काढलेली असू शकते. पीटेन गेलेलं असेल, नाहीतर पीआय-थ्री-काइनेजच बिघडून कायम चालू राहिलेलं. अशा बायकांसाठी टी-डीएम-१ आहे. तेच प्रतिपिंड, पण त्याला एक जहाल केमो बांधलेला. ते हर-टूला चिकटतं, पेशी त्याला आत ओढून घेते आणि केमो आत सुटतो. निरोप दाबला जातो की नाही यावर सगळं अवलंबून राहत नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत, साध्या ट्रास्टुझुमॅबच्या तुलनेत, यानं आजार उलटण्याचा धोका जवळपास निम्मा झाला होता. दादांनी भाव वाढेल म्हणून कोल्ड स्टोरेजला ठेवलेला बेदाणा काढला. पावती मीच फाडली. भाव त्या महिन्यात काही फार नव्हता.

टी-डीएम-१ ला केस गळत नाहीत, पण प्लेटलेट उतरतात. एक-दोनदा मिरजेपर्यंत जाऊन रक्त तपासून तसंच परतावं लागलं. नंतर आम्ही आदल्या दिवशी तासगावातच रक्त द्यायला लागलो आणि रिपोर्ट मोबाइलवर पाठवून मगच निघायचो. हे कुणी आधी सुचवलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून इथं लिहून ठेवते.

डोस पूर्ण झाले. इको चांगला आहे. आता ठरलेल्या अंतरानं तपासणी असते. डोकं सतत दुखायला लागलं किंवा तोल जायला लागला तर पित्त म्हणून घरी बसायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय. हर-टूचा आजार मेंदूकडं जायची शक्यता बऱ्याच इतर प्रकारांपेक्षा जास्त असते आणि ही मोठाली प्रतिपिंडं मेंदूत नीट पोचत नाहीत. ब्लॉक मुंबईहून परत मागवून फाईलीबरोबर कपाटात ठेवलाय. आजार उलटला तर नवा तुकडा तपासतातच, कारण रिसेप्टर बदलू शकतात, पण जुना जवळ असलेला बरा.

मधे आक्कांची थोरली लेक इस्लामपूरहून आली होती. तिनं मला एकटीला गाठून विचारलं, "काकी, मला पण हर-टू असंल का?" तिला सांगितलं की हे जनुक वाढतं ते गाठीतल्या पेशींमध्ये, आईकडून ते असं येत नाही. पण आक्कांच्या मावशीला अंडाशयाचा कॅन्सर झाला होता, म्हणून बीआरसीएची, म्हणजे घराण्यातून येणाऱ्या बिघडलेल्या जनुकाची तपासणी वेगळी करून घ्यावी असं डॉक्टर म्हणाले होते. ती आक्कांच्याच रक्ताची केली, निगेटिव्ह आली. तरी लेकीला चाळिशीपासून मॅमोग्राफी करायला सांगितलंय. तिनं तारीख विचारली तर आक्काच आतून ओरडल्या, "बेदाणा पडायच्या आदी घे म्हनावं, मागनं सवड व्हत न्हाई."